हात थरथरत नव्हते

मी कॉलेजात मराठी शिकवतो. घरातला फ्यूज उडाला तर मुलीला हाक मारणाऱ्या बापांपैकी मी एक. अशा माणसाने मोटारीच्या चाकावर लेख लिहावा, हे आमच्या स्टाफरूममध्ये कळलं तर दोन दिवस चहाबरोबर तोच विषय पुरेल. पण २०२४ सालच्या गणपतीपासून दिवाळीपर्यंत आमच्या घरात जे घडलं, ते कुठेतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं. त्यात गाडीचा दोष किती आणि माझा किती, ते वाचकांनीच ठरवावं.

आमची गाडी २०१६ सालची, छोटी, सेकंडहँड घेतलेली. बेळगावात कॉलेज, भाजी मार्केट, लग्नकार्य आणि महिन्या-दोन महिन्यांनी धारवाड एवढाच तिचा संसार. धारवाडला सौभाग्यवतींचं माहेर. सासूबाई तिथे एकट्या असतात. आमच्या घरात मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच ताटात वाढलेल्या. मुलगी आजोळच्या आजीला ‘अज्जी’ म्हणते आणि माझ्या आईला ‘आजी’, त्यामुळे गोंधळ होत नाही.

त्या वर्षी मुलगी एकोणीस वर्षांची झाली आणि तिने लायसन्स काढलं. गल्लीबोळातून, टिळकवाडीच्या रेल्वे गेटच्या गर्दीतून ती माझ्यापेक्षा सफाईने गाडी काढायला लागली. गणपती सात सप्टेंबरला बसणार होते. त्याआधीच्या रविवारी अज्जीला आणायला धारवाडला जायचं ठरलं, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, मी चालवू? हायवेला एकदा तरी चालवायचीय.”

मी हो म्हटलं. हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध मागे पडलं, हिरेबागेवाडीचा टोल गेला. मी शेजारच्या सीटवर बसून नसलेला ब्रेक दाबत होतो. सगळं ठीक चाललं होतं. एम. के. हुबळीचा मलप्रभेवरचा पूल ओलांडल्यावर रस्ता मोकळा मिळाला, तिने वेग थोडा वाढवला आणि काटा नव्वदच्या आसपास गेला.

“बाबा, स्टिअरिंग थरथरतंय.”

“थरथरत नाही. तू घट्ट धरलंयस.”

“नाही हो, सैलच धरलंय. बघा ना.”

मी बघितलं नाही. मागून एका ट्रकने हॉर्न दिला, ती किंचित दचकली, आणि माझा आवाज चढला. “स्टिअरिंगला काही झालेलं नाही, तुझे हात थरथरतायत! भीती वाटत असेल तर कशाला बसायचं?” मागच्या सीटवरून हिने “अहो!” म्हटलं. कित्तूरच्या अलीकडे एका हॉटेलपाशी मुलीने शांतपणे गाडी बाजूला घेतली, किल्ली माझ्या हातात दिली आणि मागे आईशेजारी जाऊन बसली.

इथपर्यंत कुठल्याही घरात घडेल असंच आहे. खरी गोष्ट पुढे आहे. मी गाडी सुरू केली, तेगूरच्या बाजूला काटा नव्वदवर गेला आणि माझ्या दोन्ही तळव्यांत तीच थरथर आली. शिलाई मशीनवर हात ठेवल्यासारखी, बारीक आणि एकसारखी. मागे वळून “अगं, तुझं बरोबर होतं” एवढं म्हणायला मला दोन सेकंद लागले असते. मी म्हटलं नाही. का, ते आज सांगताना लाज वाटते. नुकतंच सगळ्यांसमोर ओरडून झालं होतं. शब्द मागे घेणं जड गेलं.

त्याऐवजी माझ्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. वेग एकशे पाचच्या पुढे नेला की थरथर जवळजवळ नाहीशी होते. मग काय, परतताना मागे अज्जी, ही आणि मुलगी बसलेल्या असताना मी मर्यादेबाहेर एकशे दहाने गाडी हाणली. मला वाटलं, उपाय सापडला.

दुसऱ्या दिवसापासून मी कुणाला न सांगता इलाज सुरू केले. पहिल्या ठिकाणी तक्रार सांगितली तेव्हा त्यांच्या माणसाने गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणली आणि म्हणाला, “काही नाही सर, मक्खन आहे.” त्याचंही चुकलं नव्हतं. ही थरथर साठच्या खाली येतच नाही, आणि त्या गल्लीत तीसच्या वर गाडी जात नाही. तरी आलोच आहोत म्हणून अलाइनमेंट करून घेतली. हिरव्या आकड्यांचा छापील कागद मिळाला. तो मी परीक्षेच्या निकालासारखा जपून ठेवला. गाडीत काडीचा फरक पडला नाही.

नंतर कळलं ते असं. अलाइनमेंट म्हणजे चारही चाकांची तोंडं योग्य दिशेला आहेत की नाहीत, हे पाहणं. ती बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. स्टिअरिंग एका ठरावीक वेगालाच थरथरत असेल तर सहसा रोग वेगळा असतो आणि पहिला संशय बॅलन्सिंगवर घ्यायचा असतो. ही दोन कामं एकाच दुकानात, एकाच दमात होतात, म्हणून आपण त्यांना जुळी भावंडं समजतो.

बॅलन्सिंगचं साधं गणित मी पुढे समजून घेतलं. आमच्या गाडीचा टायर १६५/८० आर १४ मापाचा. त्याचा घेर जवळजवळ एक मीटर पंचाण्णव सेंटीमीटर. ताशी नव्वद म्हणजे सेकंदाला पंचवीस मीटर. म्हणजे चाक सेकंदाला सुमारे तेरा वेळा फिरतं. आता रिमच्या कडेला एका बाजूला फक्त तीस ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला ते साडेतीन किलोच्या जोराने चाकाला बाहेर ओढतं, तेही सेकंदाला तेरा वेळा, दर वेळी नव्या दिशेला. वेग निम्मा केला की हा जोर एक चतुर्थांश होतो. म्हणून गावात काही कळत नाही. आणि एकशे दहाला थरथर का विरते? झोपाळ्याला योग्य वेळी ढकललं तरच तो उंच जातो, अवेळी कितीही जोराने ढकला, तो तेवढा जात नाही. चाकांच्या आणि स्टिअरिंगच्या जोडणीलाही स्वतःची एक लय असते. चाकाचे धक्के त्या लयीशी जुळतात तो वेग आमच्या गाडीत नव्वदचा होता. पुढे गेल्यावर लय चुकते आणि हाताला कमी जाणवतं. धक्क्याचा जोर मात्र वाढतच असतो. म्हणजे मी ज्याला उपाय समजत होतो, त्यात आजार तसाच होता आणि फक्त माझ्या हातांना त्याची खबर मिळत नव्हती.

दुसऱ्या दुकानात बॅलन्सिंग केलं. पुढचं डावं चाक मशीनवर चढवायला काढलं तर रिमच्या आतल्या अंगाला वाळलेल्या चिखलाचा थर! श्रावणात बैलहोंगलकडे नात्यातल्या एका शेतावर गेलो होतो, तिथली काळी माती. ओली असते तेव्हा चपलेला सोडत नाही आणि वाळली की विटेसारखी होते. पोराने स्क्रू ड्रायव्हरने ती खरवडून काढली, चाक फिरवलं, मशीनने दाखवलं तिथे रिमच्या कडेला छोटी वजनं ठोकली. दोन्ही बाजूला शून्य आकडा आला. मला वाटलं, सापडला चोर. या चिखलाने कितीजणांना असं फसवलं असेल कोण जाणे. पावसाळ्यानंतर गाडी थरथरू लागली तर आधी रिमची आतली बाजू पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा. काही वेळा तेवढ्यावरच काम भागतं.

आमचं भागलं नाही. अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी अज्जीला सोडायला निघालो. थरथर निम्म्याने कमी झाली होती, गेली नव्हती. मी पुन्हा एकशे पाचच्या पुढे. मागून ही म्हणाली, “अहो, थर्मासचं झाकण वाजतंय मघापासून.” मी म्हटलं, “रस्ता खराब आहे.” त्या टप्प्यात रस्ता चांगला गुळगुळीत होता. ती काही बोलली नाही. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. येताना मी तिला विचारलं, “चालवतेस का?” तिने मान हलवली.

दसरा आला. आमच्याकडे खंडेनवमीला गाड्या धुऊन पूजा करतात, तुमच्याकडेही होत असेल. मुलीने सकाळी गाडी धुतली, झेंडूचं तोरण बांधलं, बॉनेटवर हळदकुंकवाचं स्वस्तिक काढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, “आता तू चालवत असशील की गं धारवाडला?” मुलगी हसत म्हणाली, “नाही हो काकू, माझे हात थरथरतात.”

ती हसत म्हणाली, पण तिला ते खरं वाटायला लागलं होतं. तिने माझ्यावर टोमणा मारला असता तर मला सोसलं असतं. गल्लीतसुद्धा ती महिनाभर गाडी काढत नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. नारळ फोडताना माझे हात थरथरले म्हणालात तरी चालेल.

एका सहकाऱ्याने हलग्याच्या बाजूला हायवेलगतच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं होतं. पुढच्या रविवारी एकटाच गेलो. पत्र्याची शेड, चार गाड्या, मिस्त्री साठीच्या आसपासचे. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, “नडगतैतो, अलगाडतैतो?”

मी थबकलो. दोन्हींना मराठीत आपण सरसकट ‘हलतंय’ म्हणतो. नडुक म्हणजे बारीक थरथर, थंडीत अंगाला सुटते तशी. अलगाडणं म्हणजे खिळखिळ्या खुंट्यासारखं डुगडुगणं. वीस वर्षं शब्दांच्या छटा शिकवणाऱ्या मला माझ्याच तक्रारीसाठी नेमका शब्द आधी शोधावा लागला. “नडुक,” मी म्हटलं.

“एष्ट स्पीडिगे?”

“ऐंशीला सुरू होते, नव्वदला जास्त, शंभरच्या पुढे कमी.”

“हं. हाताला लागतंय, का बुडाखाली सीटला?” ते आता मराठीत आले होते, बेळगावच्या आपल्या मराठीत.

“हाताला.”

“म्हणजे पुढचं चाक बगायचं पैलं. सीटला लागलं असतं तर मागचं बगितलं असतं. ब्रेक मारल्यावर वाढतंय?”

“नाही.”

“मग डिस्कचं काम न्हवं. ॲक्सिलरेटर सोडल्यावर कमी होतंय?”

“नाही, वेग आहे तोवर तसंच.”

“मग इंजिनाकडचं, शाफ्टचं न्हवं. हुं हुं असा आवाज येतोय काय, वळताना बदलतोय तसा?”

“नाही.”

“बेअरिंग पण न्हवं बहुतेक. आता सांगा, हे सुरू व्हायच्या आधी गाडीला काय काय केलासा?”

हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. मी म्हटलं, “काही नाही.” ते म्हणाले, “आठवा की ओ सर. घाई नाही.” आणि त्यांनी गाडी जॅकवर घेतली.

त्यांनी सगळ्यात आधी पान्याने चाकांचे नट तपासले. सैल नटाने चाकच निघून जाऊ शकतं, म्हणून ते पहिलं, बाकीचा विचार नंतर. मग चाक वर-खाली धरून हलवलं. तिथे ढिलं लागलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. मग डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवलं; तिथे ढिलं लागलं तर स्टिअरिंगचा टाय रॉड. सगळं घट्ट होतं. रिम वाकलाय का, तेही चाक हाताने फिरवून बघितलं. आपल्या चोर्ला घाटातल्या पावसाळी खड्ड्यांत रिम वाकणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

चोर्ला म्हटल्यावर माझ्या डोक्यात दिवा लागला. “मिस्त्री, जूनमध्ये चोर्ल्यात टायर फाटला होता. पुढचा डावा. तिथेच स्टेपनी लावली.”

“आणि मग?”

“मग ती तशीच आहे.”

जूनपासून सप्टेंबरपर्यंत गाडी गावात आणि शेताच्या रस्त्यावरच फिरली होती. हायवेला ती पहिल्यांदा गेली ती मुलीच्या हातात. म्हणूनच थरथर पहिल्यांदा तिला लागली.

मिस्त्रींनी लगेच निकाल दिला नाही, हे मला फार आवडलं. पुढचं डावं चाक काढून मागे लावलं, मागचं पुढे आणलं आणि म्हणाले, “चला.” हिरेबागेवाडीच्या दिशेने निघालो. मी चालवत होतो, ते शेजारी, तळवा डॅशबोर्डवर ठेवून. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वद. स्टिअरिंग गप्प. आणि माझ्या मांड्यांखाली सीट बारीक थरथरायला लागली. चाक मागे गेलं तशी थरथरही मागे गेली होती. याहून साधा आणि याहून पक्का पुरावा कोर्टातही मिळणार नाही.

परत आल्यावर त्यांनी मागचं चाक जॅकवर उचललं आणि विचारलं, “सर, खडू हाय काय?”

खडू माझ्या शर्टाच्या खिशात नेहमीच असतो, रविवारीसुद्धा. त्यांनी दोन विटा रचून त्यावर हात टेकवला, खडूचं टोक टायरच्या नक्षीपासून केसभर लांब धरलं आणि दुसऱ्या हाताने चाक सावकाश फिरवलं. टायर पूर्ण गोल असेल तर खडू कुठेच लागणार नाही किंवा सगळीकडे सारखा लागेल. आमच्या टायरवर एकाच जागी चार बोटांची पांढरी रेघ उमटली. दर फेऱ्याला तिथेच. त्यांनी माझा हात धरून त्या जागेवरून फिरवला. रबराखाली टेंगूळ होतं, डोळ्याला सहज न दिसणारं, हाताला मात्र स्पष्ट कळणारं.

आजच्या टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचे पट्टे असतात, एकावर एक, रबरात घट्ट बसवलेले. वर्षं गेली, ऊन लागलं की रबर आतून जीव सोडतं आणि पट्टे एकमेकांपासून सुटू लागतात. जिथे सुटले तिथे टेंगूळ येतं. मशीन चाकाचं वजन मोजतं, आकार बघत नाही. म्हणून वजनं ठोकून आकडा शून्य आला तरी वाकडं चाक वाकडंच राहिलं. जात्याचा खुंटा घट्ट ठोकला म्हणून तुटक्या पाळीची धडधड थांबत नाही, तसंच.

“पण मिस्त्री, हा टायर तर नवा होता. स्टेपनीचा. कधी रस्त्यावर आलाच नव्हता. नक्षी बघा ना.”

त्यांनी टायरच्या अंगावर, लांबट चौकटीत कोरलेले चार आकडे खडूने भरून दाखवले. ४७१५. पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. २०१५ सालचा सत्तेचाळिसावा आठवडा. म्हणजे टायर नऊ वर्षांचा झाला होता. नक्षीवरून टायर किती चालला ते कळतं, वय कळत नाही. डिकीत पडून राहिला म्हणून म्हातारपण त्याला सोडत नाही. तुमच्या गाडीचे हे चार आकडे आज संध्याकाळी जाऊन बघा. पाच-सहा वर्षं उलटली असतील तर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या, आणि दहाच्या पुढे तर नक्षी कितीही ताजी दिसली तरी मोह ठेवू नका. स्टेपनीचे आकडेही विसरू नका.

मग मिस्त्रींनी डिकी उघडली आणि मोठ्याने हसले. आत, प्लास्टिकखाली, कोरा करकरीत टायर. फाटलेल्याच्या जागी जूनमध्येच विकत घेतलेला. दुकानदाराने तेव्हा विचारलं होतं, “चाकाला लावू?” मी म्हटलं होतं, “नको, नवा आत असू दे. अडीअडचणीला उपयोगी पडेल. आधी जुना वापरून संपवू.” आमच्या घरी नवी चादर कपाटात आणि विरलेली अंथरुणावर असते, पाहुण्यांचे कप वर्षानुवर्षं काचेच्या शोकेसमध्ये असतात. तोच न्याय मी टायरला लावला होता.

“नवा आत, म्हातारा भायेर!” मिस्त्री म्हणाले. मग हसू आवरून हळू आवाजात, “सर, किती पळवलासा ह्याच्यावर?”

“एकशे दहा.”

“घरची माणसं?”

“होती.”

ते काही बोलले नाहीत. हाताने नक्षीचा पट्टा सोलून निघाल्याची खूण केली, आणि पान्याला हात घातला. असा पट्टा भरवेगात, तोही पुढच्या चाकाचा, निघून गेला असता तर गाडी माझ्या ताब्यात राहिली असती का, याचं उत्तर मला त्यांच्याकडून नको होतं. माझ्या डोळ्यांपुढे कांडं पुढे टाकून, डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या सासूबाई आल्या. बेळगावला येताना त्या मागे बसून जप करत होत्या.

नवा टायर पुढे लावला. एका आसावर एक नवा, एक अर्धा झिजलेला बरा नाही म्हणून त्याच्या जोडीचा दुसराही घेतला आणि दोन्हींचं बॅलन्सिंग केलं. मिस्त्रींनी मजुरी घेतली अडीचशे रुपये. ‘४७१५’ मी घरी घेऊन आलो.

मुलगी अंगणात तुळशीला पाणी घालत होती. टायर खाली ठेवून मी तिला खडूची रेघ दाखवली, तिचा हात टेंगळावरून फिरवला. तिने लगेच ओळखलं.

“म्हणजे खरंच थरथरत होतं.”

“हो. तुझे हात नव्हते थरथरत.”

ती थोडा वेळ रेघेकडे बघत राहिली. मग तिने तो प्रश्न विचारला, जो ती विचारणार हे मला वाटेत ठाऊक होतं. “तुम्हाला कधी कळलं?”

आज कळलं, असं म्हणता आलं असतं. “त्याच दिवशी,” मी म्हटलं. “तू किल्ली दिलीस आणि मी बसलो, तेव्हाच. तेगूरच्या अलीकडे.”

तिने कळशी खाली ठेवली आणि आत गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. हिनेही मध्ये पडून समजूत काढली नाही, आणि तेच बरोबर होतं. मी ओरडलो याचं मुलीला फारसं नव्हतं, बाप ओरडतात. आपण घाबरट आहोत असं ती दीड महिना समजत होती आणि ते खोटं आहे हे माहीत असलेला एक माणूस रोज तिच्यासमोर जेवायला बसत होता, हे तिला लागलं होतं.

मिस्त्रींचे प्रश्न मी पुढे वर्गातसुद्धा वापरायला लागलो आहे. एखादा मुलगा “सर, कविता समजत नाही” म्हणतो तेव्हा पूर्वी मी म्हणायचो, “लक्ष नसतं तुमचं.” आता विचारतो, कुठल्या ओळीपासून, कुठल्या शब्दाला अडलास, त्याआधी समजत होती का. निम्म्या वेळा दोष माझ्या शिकवण्यातच निघतो. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आपण आधी विचारतो, “तुला कसं होतं? आम्हाला तर होत नाही.” मिस्त्री मात्र विचारतात ते किती वेगाला, कुठे आणि केव्हापासून. त्यांच्या एकाही प्रश्नात तक्रार करणाऱ्यावर संशय नव्हता.

दिवाळीच्या पाडव्यानंतर अज्जीकडे फराळ पोचवायचा होता. सकाळी मी डबे गाडीत ठेवून किल्ली शोधत होतो. किल्ली खुंटीवर नव्हती. बाहेर येऊन बघतो तर मुलगी स्टिअरिंगवर बसलेली, आरसा स्वतःच्या उंचीला लावत होती. मी काही न बोलता शेजारी बसलो.

हलगा गेलं, टोल गेला, मलप्रभेचा पूल गेला. रस्ता मोकळा झाला तसा काटा सत्तरवरून वर सरकू लागला. ऐंशी. पंच्याऐंशी. नव्वदला तिने तो तसाच धरून ठेवला. बराच वेळ. मी तिच्या हातांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं. मागे थर्मासचं झाकण गप्प होतं.

“बाबा,” ती समोर बघतच म्हणाली, “इथेच ना?”

“इथेच,” मी म्हटलं.

मग कित्तूर मागे पडेपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. धारवाडला पोचल्यावर अज्जीने दारातच मला विचारलं, “यारु ओडसिदरु?” कोणी चालवली गाडी?

मी मुलीकडे बोट दाखवलं.